आत्म्याची गाणी

वसईतल्या पापडीत सेबॅस्टियन वायरमनला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. आणि तो दारात उभा राहिला की जो आधी घरातली माणसं मोजत नाही, असाही नाही. तसा माणूस साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. विजेच्या खात्यात नोकरी, निम्मा दिवस खांबावर. घरी सालोमी नावाची बायको, रोवेना नावाची एकुलती एक मुलगी, घरामागे चाफ्याची आणि केळीची वाडी. एवढ्यावर माणसाने सुखाने म्हातारं व्हायला काही हरकत नव्हती. पण त्याला कॅसेट काढायची बुद्धी झाली.

त्या कॅसेटीत मीही होतो, म्हणून सांगायचा थोडा हक्क माझ्याकडे आहे. माझं नाव सदानंद. आम्ही गिरगावातून वसईला राहायला आलो आणि मी सेबॅस्टियनचा शेजारी झालो. तरुणपणी ऑर्केस्ट्रात तुंबा-बोंगो वाजवलेले होते. वाद्यं माळ्यावर टाकली होती, तिथेच राहिली असती तर बरं झालं असतं. पण शेजाऱ्याला कळलं, आणि शेजारी देवळातल्या क्वायरमध्ये गाणारा. इथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात, मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं.

या सगळ्याची खरी कळ लावली ती फ्रेडरिकने. तो जहाजावर नोकरीला होता. एकदा सुट्टीवर आला तो पिशवीभर कॅसेट घेऊन. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, त्याला 'सोल' म्हणतात, असं त्याने आम्हाला सांगितलं. सेबॅस्टियनच्या ओट्यावर बसून आम्ही ऐकायला लागलो. शब्द मला कळत नव्हते, पण गाणारा माणूस आतून पार पिळून निघाला होता, एवढं कळत होतं. सेबॅस्टियन कॅसेट उलटवता उलटवता म्हणाला, "ह्ये आपलंच हाय रे. देवळातलंच गानं. फक्त देवाच्या जागी बाई बसवली." सोल संगीताची याहून नेमकी व्याख्या मी पुढे कधी ऐकली नाही.

झालं. फ्रेडरिकची गिटार, माझे तुंबा, सेबॅस्टियनचा आवाज, आणि त्याची धाकटी बहीण क्लेमेंटीन मागून साथ द्यायला. ती तेव्हा नर्सिंग शिकत होती आणि भावाहून काकणभर सरस गायची. ग्रुपचं नाव फ्रेडरिकने ठेवलं, 'द पापडी सोल ग्रुप'. नाव ऐकल्याबरोबर गावाने त्याचं 'सोलपापडी' करून टाकलं. रस्त्यात लोक विचारायचे, "काय सदाभाऊ, किलोचा काय भाव?" मी आधी चिडायचो, मग मीही भाव सांगायला लागलो.

गाणी सेबॅस्टियनचीच होती, घरच्या बोलीत, जशी सुचतील तशी. त्यातलं एक फार जुनं होतं. सालोमी भातशेतीच्या गावची. लग्नाआधी ती दर बुधवारी पापडीच्या देवळात नोव्हेनाला यायची, थोरल्या भावाच्या सायकलीवर मागे बसून. प्रार्थना संपली की लगेच परत. सुरुवातीला सेबॅस्टियन कुंपणाशी उभा राहून बघत राहायचा, बोलायला तोंड उघडेपर्यंत सायकल निघून गेलेली असायची. त्या वेळी त्याने मनात केलेलं हे गाणं:

थांब गो जरा, एवढ्यात नको जाऊ,
दिवा हाय पेटलेला, दार नको लावू.

लग्नानंतर ते तो सालोमीला घरात म्हणून दाखवायचा. आता ते जगाला ऐकवायचं ठरलं तेव्हा सालोमीने लाजून हातातलं सूप तोंडापुढे धरलं होतं, ते मला अजून दिसतं. चौदा वर्षांची पोर असलेली बाई, पण लाजली.

शहाण्णव साली आम्ही दादरच्या एका कॅसेट कंपनीकडे गेलो. कंपनी म्हणजे एक मालक, एक टेबल आणि पंख्याखाली उडणारे कागद. रेकॉर्डिंग मात्र खऱ्या स्टुडिओत झालं, काचेच्या पलीकडे माणूस वगैरे. सेबॅस्टियन त्या दिवशी असा गायला की मी एकदा ताल चुकलो, आणि मी ताल चुकणारा माणूस नव्हे. मालक खूश झाला. मग त्याने कव्हरचा विषय काढला. म्हणाला, "सोलपापडी नाव चालणार नाही, लोक मिठाईच्या दुकानात शोधतील. नुसतं सोल म्हटलं तर चपलेचा वाटेल. सोल म्हणजे काय हो मराठीत?"

फ्रेडरिक सरळ मनाने म्हणाला, "सोल म्हणजे आत्मा."

मालकाने मान डोलावली. आम्हीही डोलावली. चौघांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. कॅसेट छापून आली तेव्हा वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'आत्म्याची गाणी'. खाली एक मेणबत्ती आणि तिच्यामागे काळोख.

तरीही निभावलं असतं. पण कॅसेट वसईत आली ती ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. दोन नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा मृतांचा दिवस. त्या दिवशी सगळी माणसं दफनभूमीत जातात, आपापल्या माणसाची कबर धुऊन-पुसून फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. देवळाबाहेर मेणबत्त्यांची दुकानं लागलेली, आणि त्या मेणबत्त्यांच्या शेजारी आमची कॅसेट, मेणबत्तीचंच चित्र असलेली. लोकांनी नाव वाचलं आणि जे समजायचं ते समजले. मृतात्म्यांची गाणी. घरी जाऊन लावली, तर पहिलंच गाणं, थांब गो जरा, एवढ्यात नको जाऊ.

सगळी वसई रडली. कॅसेट हातोहात संपली, पुन्हा छापली, पुन्हा संपली. आमचा पहिलावहिला अल्बम तुफान चालला, फक्त ज्यासाठी केला त्यासाठी नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गावातला एक म्हातारा गेला. त्याचा मुलगा सेबॅस्टियनकडे आला, डोळे सुजलेले. म्हणाला, "पेटी घरातून उचलताना तेवढं गानं म्हन. बाबाला लय आवडायचं." आता त्याला काय सांगणार, की बाबा, हे गाणं तुझ्या बाबाचं नाही, माझ्या बायकोचं आहे? मयताच्या घरच्याला कुणी नाही म्हणत नाही. सेबॅस्टियन गेला आणि गायला. शवपेटी उचलायची वेळ, म्हणून सगळी माणसं उठून उभी राहिली. तिथून रीतच पडली. देवळात मिस्साच्या म्हणजे मुख्य प्रार्थनाविधीच्या वेळी ठरलेली गाणी असतात, तिथे फादर दुसरं काही चालू देत नाहीत. पण घरातून पेटी निघताना सेबॅस्टियनचं गाणं, आणि ते सुरू झालं की बसलेल्याने उठायचं. ज्याच्या घरी ते झालं नाही, त्याच्या घरच्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायला लागलं.

इकडे फ्रेडरिकचं वेगळंच चाललेलं. परदेशात म्हणे आधी मोठी कॅसेट काढतात, मग तिच्यातलं एकेक गाणं सुटं काढतात, त्याला 'सिंगल' म्हणतात. त्याने मालकाला पटवलं. पहिलं सिंगल अर्थातच 'थांब गो जरा'. तेही चाललं. दुसरं काढलं 'चिंबोरी'. खेकड्यावरचं नाचाचं गाणं, क्लेमेंटीनने काय झकास म्हटलं होतं आणि माझे तुंबा तर त्यात एक नंबर. कव्हरवर पुन्हा तीच मेणबत्ती. एका बाईने दुकानात नेऊन परत केलं, म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या महिन्याच्या मिस्साला ह्ये लावलं मी. चिंबोरीचा आनि आत्म्याचा काय संबंध? लाज नाय वाटत?" तिसरं सिंगल निघालंच नाही.

मालकाचा निरोप आला, 'आत्म्याची गाणी, भाग दोन' करा, सगळी संथ ठेवा. सेबॅस्टियनने नाही सांगितलं. "मेलेल्यांसाठी मी कायच लिवलं नाय," एवढंच म्हणाला. मग फ्रेडरिक जहाजावर परत गेला, क्लेमेंटीन कुवेतला नर्स म्हणून गेली, माझे तुंबा माळ्यावर गेले. सोलपापडी संपली. सेबॅस्टियन मात्र त्यातून सुटला नाही.

वर्षामागून वर्षं गेली आणि बोलावणी येतच राहिली. तो खांबावर चढलेला असायचा, खालून कुणीतरी हाक मारायचं, "सेबॅस्टियन, मयत हाय." तो उतरायचा, हात धुवायचा, जायचा. पापडीपासून बोळिंजपर्यंत कुठलं घर त्याने सोडलं नाही. एकदा त्याचा सख्खा मामा आजारी पडला म्हणून हा भेटायला गेला. मामाने डोळे उघडले, समोर हा दिसला, आणि म्हातारा किंचाळला, "मी जिता हाय रे अजून! तू आताच कशाला आलास?" आम्ही हसलो. सेबॅस्टियनही हसला, पण त्यानंतर तो आजारी माणसाला भेटायला गेला नाही. लग्नाच्या आमंत्रणात त्याला जेवायला बोलवायचे, गायला कधीच नाही. चेहराही हळूहळू तसाच होत गेला, खाली ओढलेला. मी त्याला म्हणायचो, "अरे, एकदा नाही म्हणून बघ." तो म्हणायचा, "कोनाला नाय म्हनू, सदाभाऊ? आन कसं?" आणि जांभई द्यायचा. दुःखी माणसाची मला दया येते, पण थकलेल्या माणसाचा राग येतो, हा माझा स्वभाव.

आणि सालोमी? तिने घरात ते गाणं म्हणू नको असं सांगून टाकलं होतं. दुसऱ्यांचं रडणं घरात येतं, म्हणायची. म्हणजे ज्या बाईसाठी ते केलं, तिचेच कान त्याला पारखे झाले.

दोन हजार सात साली रोवेनाचं लग्न ठरलं. मुलगा जॉयल, बोळिंजचा, बँकेत नोकरीला, चांगला हसरा. सगळं जमल्यावर एका संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो, तेव्हा सालोमी चाफा वेचता वेचता नवऱ्याला म्हणाली, "मला साडी नको, काय नको. पोरीच्या लग्नात माझं गानं म्हन. एकदा चांगल्या कपड्यात, हसऱ्या मानसांत ऐकू दे."

सेबॅस्टियनने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. असल्या वेळी शेजाऱ्याने दुसरीकडेच बघायचं असतं. तो हो म्हणाला.

पण आमच्याकडे गोष्टी लपून राहत नाहीत. लग्नाला आठवडा उरला असताना जॉयलची आई एमिली आली. बाई फार सभ्य. चहा घेतला, रोवेनाचं कौतुक केलं, मग कप खाली ठेवून म्हणाली, "सेबॅस्टियनभाऊ, वाईट वाटून घेऊ नका. पन मांडवात ते गानं नको. माझ्या फर्डिनंडला, जॉयलच्या बाबाला, नेलं तेव्हा तुमीच म्हटलेलं. दोन वर्षं झाली, मी रेडिओ पन लावत नाय." सेबॅस्टियन लगेच म्हणाला, "नाय म्हननार, एमिलीबाय. शब्द देतो."

एमिली गेली. आत भांडी आपटल्याचा आवाज आला नाही. सालोमी बाहेर आली ती शांतपणे. म्हणाली, "तू सगळ्या गावाच्या दारात जाऊन गायलास. कोनाला नाय म्हनाला नाहीस. मला म्हनालास." आणि वाडीत निघून गेली.

मी सेबॅस्टियनला बरंच बोललो. लोकांचं ऐकून ऐकून तुझा घरचा माणूस परका झाला, वगैरे. तो पायरीवर बसून राहिला. शेवटी म्हणाला, "तुमी बोलता ते बरोबर हाय. पन ती बाय पन बरोबर हाय. दोघी बरोबर आन मी मधे." मी चपला घातल्या आणि घरी आलो.

लग्न लागलं, संध्याकाळी हॉलमध्ये रिसेप्शन. बँड होता, केक होता, जॉयलच्या काकाने उभं राहून, ग्लास उंचावून टोस्ट दिला, नवरानवरी नाचली. सालोमी पहिल्या रांगेत नव्या साडीत बसली होती, हसायचं तिथे हसत होती. मला तिच्याकडे बघवेना. मग माइकवर बोलावलं, मुलीचे वडील दोन शब्द बोलतील. सेबॅस्टियन उठला, पण माइककडे गेला नाही. तो सरळ एमिलीपुढे जाऊन उभा राहिला. मी बाजूच्याच खुर्चीवर होतो, मला सगळं ऐकू आलं.

"एमिलीबाय," तो म्हणाला, "ते गानं मयताचं नाय. सत्तावीस वर्षांमागं मी ते सालोमीसाठी केलं. तुमच्या फर्डिनंडला मी ते उसनं दिलं. सगळ्यांनाच दिलं. आज तिला एकदा देऊ काय? तुमी नको म्हनाल तर बसतो."

एमिलीने पर्समधून रुमाल काढला. मला वाटलं आता रडते. पण ती म्हणाली, "मला कोनी सांगितलंच नाय." मग सालोमीकडे वळून बघत, "म्हना तुमी. पन मला बसवनार नाय. मी उभी राहीन."

सेबॅस्टियनने माइक हातात घेतला. भाषण नाही, प्रस्तावना नाही. थांब गो जरा. बँडवाले गोंधळून थांबले. आणि एमिली उठून उभी राहिली. विहीणबाई उठल्या म्हणून तिच्या मागची रांग उठली, मग त्याच्या मागची. कुणी क्रूसाची खूण केली, कुणी हात जोडले, एका म्हातारीने डोळ्याला पदर लावला. पाव वाढणारा माणूससुद्धा परात धरून ताठ उभा. अकरा वर्षांची सवय, पाय आपोआप उठले. सगळा हॉल माना खाली घालून उभा होता आणि बसलेली फक्त सालोमी. दोन्ही हात मांडीवर ठेवून, मान वर करून, ती त्याच्याकडे बघत होती. सेबॅस्टियनही दुसऱ्या कुणाकडे बघत नव्हता.

पहिलं कडवं संपलं. मयताच्या घरी इथेच पेटी दाराबाहेर पडते आणि गाणं थांबतं. पण तो थांबला नाही. या गाण्याला दुसरं कडवं होतं, कंपनीच्या मालकाने पोरकट आहे म्हणून ते स्टुडिओतच कापलं होतं, आणि मी तर ते साफ विसरलो होतो.

भावाच्या तुझ्या सायकलीची हवा मीच सोडली,
माझ्यापायी घटकाभर वाट तुझी अडली.

क्षणभर कुणाला काही कळेना. माना तशाच खाली. मग तिसऱ्या रांगेतून सालोमीचा थोरला भाऊ, एवढा धिप्पाड माणूस, हात जोडलेल्या अवस्थेतच ओरडला, "तू होय रे तो! दर बुधवारी मी पंप मारायचो!"

हॉलमध्ये हशा पिकला. लोक हसत होते, काही अजून रडत होते, काहींना बसावं की उभं राहावं ते ठरवता येत नव्हतं. एमिली तोंडावर हात ठेवून खाली बसली आणि तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही. सेबॅस्टियनने ते कडवं पुन्हा म्हटलं, या वेळी सायकलीवर जोर देऊन. सालोमी लाजली. पन्नाशीला टेकलेली बाई, सगळ्या गावासमोर लाजली, आणि या वेळी तोंड झाकायला तिच्या हातात काही नव्हतं. मला आनंद झाला, सरळ सांगतो, फार आनंद झाला.

वाटलं, आता सुटला हा माणूस. कसचं काय. दुसऱ्याच आठवड्यात सकाळी बोलावणं आलं, तलावापलीकडच्या घरी मयत होतं. सेबॅस्टियन पायरीवर बसला होता, मी पेपर न्यायला गेलो होतो. तो म्हणाला, "मी नाय जात. आता नाय म्हनवत मला ते." आणि खरंच उठला नाही. निरोप घेऊन आलेला माणूस फाटकाशी अवघडून उभा.

सालोमी आतून त्याचा इस्त्रीचा शर्ट घेऊन आली आणि त्याच्या मांडीवर ठेवला. "जा," ती म्हणाली. "त्यांचं मानूस गेलंय. म्हन त्यांच्यासाठी. फक्त मी मरेन तेव्हा दुसरं कायतरी म्हन. ह्ये माझं ऐकून झालं."